लाभ, दोन, तीन

सॅमसन, खुर्च्या परत आल्या. त्याच आपल्या पांढऱ्या, प्लास्टिकच्या. त्यांतली एक लंगडी, जिच्या पायाला तू तार गुंडाळली होतीस आणि नवा माणूस आला की त्याला हमखास जिच्यावर बसवायचास, तीसुद्धा आली. तू मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतंस की सगळ्या भंगारात दिल्या. तुला मातीत ठेवून परत आलो त्या दुपारी तुझ्या सोफीने मागच्या कोठीची किल्ली तुमच्या एलीच्या हातात दिली, तर तिथे गोणपाटाखाली एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. लबाड माणसा, एवढी वर्षं माझ्याशी भांडलास आणि खुर्च्या मात्र जपून ठेवल्यास.

तुझा शिवा तुझ्याच हॉटेलात झाला. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आपल्या मंडळींचे गुडघे तुला ठाऊकच आहेत. शिवा म्हणजे सात दिवस शोकाला बसायचं, माणसं येत-जात राहणार. ती जिने चढून वर येणार नाहीत, तेव्हा आपणच खाली बसू, असं सोफी म्हणाली. मग हॉटेल बंद ठेवून एलीने टेबलं भिंतीला लावली. शोकाच्या घरी आरसे झाकायचे म्हटल्यावर खरी पंचाईत झाली, कारण तुझ्या त्या तेल अवीवच्या सजावटवाल्याने एक अख्खी भिंत आरशांची करून ठेवली आहे. सोफीच्या कपाटातल्या सगळ्या चादरी लागल्या. शेवटी आरशाचा एक तुकडा उरला, त्याच्यावर नातवंडांची चादर टांगली, पिवळ्या बदकांची. सात दिवस लोक तुझ्या आठवणीने डोळे पुसत होते आणि मागे बदकं पोहत होती. तुला आवडलं असतं.

मी पहिल्या दिवशी दारातच थांबलो. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसानंतर मी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. सोफी खाली बुटक्या स्टुलावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बेनी, आता कोनाशी भांडतोयस? ये आत." मग मी आत गेलो. काउंटरमागे तू नव्हतास. तिथे उभं राहून मी भरपूर रडलो, आणि शिराने, तुझ्या त्या नाकात चमकी घातलेल्या वेट्रेसने, मला पाणी आणून दिलं.

पाणी देता देता तिने मला विचारलं की हे हॉटेल व्हायच्या आधी इथे काय होतं. मी म्हटलं, काही नव्हतं. एक फ्रीज होता, एक काउंटर, वर पत्रा, आणि डिमोनातली निम्मी मराठी. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

पण खरंच सांग, दुसरं काय होतं? मृत समुद्रावरच्या कारखान्याची बस संध्याकाळी आम्हाला घेऊन यायची. अंगावर दिवसभराचं मीठ बसलेलं असायचं, ओठांवर जीभ फिरवली तरी खारट. बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडे होता, पण ड्रायव्हर गाडी तुझ्या किओस्कच्या दारात उभी करायचा, कारण त्यालाही अर्धा ग्लास हवा असायचा. तू कोणाला काय पाहिजे म्हणून कधी विचारलं नाहीस. माणूस पत्र्याखाली शिरायच्या आत त्याचा ग्लास काउंटरवर, बडीशेपेच्या दारूत, अरकमध्ये, बर्फ पडून तो दुधासारखा पांढरा झालेला. बाजूला सोफीची गरम भजी, नशीब असेल त्या दिवशी तळलेला मासा. कोणाचा मुलगा सैन्यात कुठे आहे, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय, दवाखान्यात हिब्रूत लिहिलेल्या कागदाचा अर्थ काय, सगळं तिथे उलगडायचं. दोन दिवस एखादा दिसला नाही तर तू ग्लास पुसता पुसता म्हणायचास, "जा रे कोनीतरी, बघून ये." आणि कोणीतरी जायचं.

आणि मखलूफ यायचा. किओस्कच्या मागच्या भिंतीला लागून ते छोटं सिनेगॉग, आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी मशीद, आणि मखलूफ तिथला गबाय, म्हणजे व्यवस्था बघणारा. मोरोक्कोचा माणूस, आवाज असा की पत्रा थरथरावा. आपल्या ज्यूंच्या प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात, आणि त्याच्याकडे संध्याकाळी कधी सात असायचे, कधी नऊ. तो दाराशी येऊन हिब्रूत ओरडायचा, "तीन पाहिजेत," आणि तू आमच्यातून तीन काढून द्यायचास. तोंड धुवून, पान-तंबाखू थुंकून, टोप्या चढवून आम्ही निघायचो. भाविक आम्ही बेताचेच. पण तू सांगितलंस की जायचं, एवढं आम्हाला कळायचं.

मोजायचास तूच. रांगेत उभं करून, बोट दाखवून, "लाभ, दोन, तीन." तू वाढलास भायखळ्यात, पण मापाची रीत रेवदंड्याची. तुझ्या आजोबांच्या घाण्यावर तीळ यायचे, ते पायलीने मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. पहिलं माप घरात आलं, म्हणजे लाभ आला, आकडे त्याच्या पुढचे. तू बाटल्या मोजल्यास तरी लाभपासून, आणि माणसं मोजलीस तरी लाभपासून. मी काउंटरच्या सगळ्यात जवळ बसायचो, म्हणून पहिलं बोट माझ्यावर यायचं. लाभ म्हणजे मी, असं वर्षानुवर्षं चाललं. बायको म्हणायची, घरात तुमचा लाभ कोणाला दिसला नाही तो.

मखलूफने बरेच दिवस हे ऐकलं आणि मग एकदा आपल्या टेबलाशी बसून तुला विचारलं, "हे लाव काय आहे?" त्याला 'भ' जमत नव्हता. तू म्हणालास, "आमच्या कोकणातली रीत." तर त्याचे डोळे भरून आले. का, ते आम्हाला थोड्या वेळाने कळलं. धर्मग्रंथांच्या जुन्या भाषेत 'लाव' म्हणजे 'नाही'. आणि माणसं मोजू नयेत, नजर लागते, असं आपल्यात मानतात. म्हणून काही ठिकाणी मोजताना 'एक नाही, दोन नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मखलूफला वाटलं, या हिंदुस्थानातल्या ज्यूंनी दोन हजार वर्षं एकटं राहूनही ही रीत जपली, 'एक' न म्हणता 'नाही' म्हणतात. त्याने तुझा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला.

मी तोंड उघडणार होतो. तू टेबलाखालून अशी लाथ मारलीस की माझी नडगी आठवडाभर दुखत होती. नंतर मी म्हटलं, अरे, तिळाची गोष्ट त्याला सांग तरी. तू म्हणालास, "कशाला? त्याला 'नाही' ऐकू येतं, आपुन 'लाभ' म्हनतो. मानूस तोच ना?" पुढच्या महिन्यात सगळं सिनेगॉग लाव, श्तायिम, शालोश, म्हणजे लाव, दोन, तीन, असं मोजायला लागलं. मोरोक्कोचे, ट्युनिशियाचे, झाडून सगळे. तुझ्या आजोबांचे तीळ कुठवर पोचले बघ.

मग एली इंडियाला जाऊन आला. तुझाच मुलगा, पण सैन्यातून सुटल्यावर पाठीवर पिशवी टाकून गेला तेव्हा इंडिया त्याला गोव्यात सापडली. परत आला तो नवीन कल्पना घेऊन. बीरशेबापासून तेल अवीवपर्यंत पोरं इंडियन जेवणासाठी वेडी झालीत, म्हणाला, आणि खरे इंडियन इथे बसून भजी तळतायत. तू त्याच्याशी मराठीत बोलायचास, तो तुला हिब्रूत उत्तर द्यायचा, आणि मधल्या मध्ये केव्हातरी पत्रा उतरला, छत आलं, हॉटेल उभं राहिलं.

सजावटवाल्याने गणपतीची मूर्ती आणली होती, आठवतं? भिंतीवर खिळा मारून टांगायला निघाला होता. मूर्ती आपल्या हॉटेलात चालणारच नव्हती, पण तू त्याला धर्म सांगितला नाहीस. तू म्हणालास, "बाबा, पेणला माझ्या मामाचे शेजारी हे घडवतात. घरात आणतात तेव्हा पाटावर बसवतात, आरती करतात. खिळ्याला नाही टांगत. परत घेऊन जा आणि नीट ठेव." तो बिचारा गोंधळून गेला आणि त्याच्याऐवजी साधे हत्ती घेऊन आला. ते हत्ती अजून आहेत. आपण दोघांनी हिंदुस्थानात हत्ती बघितला तो राणीच्या बागेत, तिकीट काढून.

उद्घाटनाला मी कोट घालून आलो होतो. शिराने हात जोडून मला 'नमस्ते' केलं, खुर्ची ओढून दिली आणि पापड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तांदळाचा किंवा डाळीचा असतो, म्हणाली, भीती वाटायचं कारण नाही, फार तिखट नसतो. मग विचारलं, "तुम्ही कधी इंडियाला गेला आहात का?" मी म्हटलं, एकदा गेलो होतो, जन्माला आलो तेव्हा. तू काउंटरमागे तोंडात फडका कोंबून हसत होतास. मीही हसलो. पण पुढच्या संध्याकाळी बसमधून उतरून सवयीने आत शिरलो, तर शिराने गोड आवाजात विचारलं, "तुमचं बुकिंग आहे?" तिची काही चूक नव्हती. तिला तेच शिकवलं होतं. मी मागे फिरलो आणि समोरच्या बसस्टॉपच्या बाकड्यावर जाऊन बसलो.

त्यानंतर बाकड्याचं किओस्क झालं. एकेक करून सगळेच तिथे येऊन बसायला लागले, आणि तू, हॉटेलचा मालक, पोटावर एप्रन बांधून, ट्रेमध्ये ग्लास घेऊन रस्ता ओलांडून यायचास. बसवाले आम्हाला बघून गाडी थांबवायचे, दार उघडायचे, आम्ही हात हलवून नाही म्हणायचो. नव्या ड्रायव्हरला वाटायचं, या गावात म्हातारे रोज कुठेतरी जायला निघतात आणि रोज त्यांचा विचार बदलतो. तू उभ्या उभ्या एक घोट घ्यायचास, आतून कोणीतरी बोलवायचं, परत पळायचास.

मखलूफ सुरुवातीला सवयीप्रमाणे हॉटेलच्या दारात येऊन टाळी वाजवायचा. एका गिऱ्हाइकाने त्याला दोन बिअर आणि नान आणायला सांगितलं. त्याने खरंच आणून दिलं, आणि मग परत कधी आला नाही. वाण्याच्या दुकानातून, फार्मसीतून माणसं गोळा करायला लागला. आणि मी तुला ते वाक्य बोललो, जे आपण नंतर शंभर वेळा चघळलं. मी म्हटलं, "सॅमसन, तुझ्या हॉटेलातून दहावा माणूस कधी निघणार नाही."

तू म्हणालास, "निघेल. घोडामैदान जवळच आहे."

या एका मुद्द्यावर आपलं भांडण चाललं ते तू जाईपर्यंत. तू म्हणायचास, किओस्क मी मारलं नाही, ते मरतच होतं. बस आता अर्धी रिकामी येते, बेनी. पोरं किर्यात गातला चिप्सच्या फॅक्टरीत जातात, घरी डिशवर क्रिकेट दिसतं, तुझ्या त्या सभेला कोण येणार होतं? मी म्हणायचो, मरणाऱ्या माणसाला कोणी टेबलक्लॉथ घालतं का? तू म्हणायचास, टेबलक्लॉथ आहे म्हणून तर लाइटचं बिल जातं. यावर मी नुसता आवाज चढवायचो.

सोफीने मात्र मला एकदा चांगलं गप्प केलं. कुठल्याशा लग्नात मी किओस्कचे गोडवे गात होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बेनी, तुमचं सगळं खरं. पन एवढी वर्सं मी भिंतीच्या मागं तळत होते. तुमचं हसनं ऐकू यायचं, कशाला हसताय ते कधी कळलं नाय. आता मी भायेर येऊन बसते, लोक मला विचारतात, बाई, हे कसं केलंत." आपण सगळे ज्याला आपली जागा म्हणत होतो, तिथे सोफीला खुर्ची नव्हती. हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तरीसुद्धा मी आत गेलो नाही, कारण जित्याची खोड.

बाकडंही हळूहळू रिकामं झालं. कोणी मुलांकडे राहायला गेले, कोणी कायमचे गेले. शेवटी मी एकटाच उरलो, आणि एकट्यासाठी ट्रे घेऊन रस्ता ओलांडणं तुलाही जड जायला लागलं. मग तू शनिवारचा दिवस मावळला की माझ्या बाल्कनीत यायचास. आल्या आल्या तोच विषय. आता तू नाहीस तेव्हा एक सांगतो, जे समोर कधी सांगितलं नसतं. तू यायच्या आदल्या दुपारपासून मी फ्रीजमध्ये बर्फाचे जास्तीचे साचे भरून ठेवायचो. तू भांडायला चुकू नयेस म्हणून नवे मुद्दे शोधून ठेवायचो. तू आल्यावर 'आलास का परत डोकं खायला' असं म्हणायचो, आणि तू नाही आलास तर मला जेवण गोड लागायचं नाही. माझा तुझ्यावर फार जीव होता, सॅमसन. हे मराठीत म्हणायला आपल्याला कधी जमलं नाही, आणि हिब्रूत म्हटलं असतं तर तू हसून लोळला असतास.

तर शिवा. पहिले तीन-चार दिवस गर्दी मावेना. बुकिंगशिवाय माणसं आली, मुलं आली, मुलांची मुलं आली. खुर्च्या पुरेनात. सगळ्यांनी सोबत भांडी आणलेली, कोणी गव्हाच्या चिकाचा हलवा, कोणी पुऱ्या. मखलूफ आता काठी घेऊन चालतो, पण आवाज तोच. तो कोपऱ्यात लंगड्या खुर्चीवर बसला, कोलमडता कोलमडता वाचला, आणि आम्ही सगळे एकदम हसलो. सोफीसुद्धा हसली. आज ती बाहेर बसली होती आणि कशाला हसतो ते तिला माहीत होतं. शिरा चहा फिरवत होती आणि काका म्हणून प्रत्येकाला माझी ओळख करून देत होती, "हे दोद बेनी, यांचं बुकिंग नसतं."

पाचव्या दिवशी घोळ झाला. दुपारची प्रार्थना सूर्य बुडायच्या आत व्हायला पाहिजे, आणि बापामागे मुलाने करायची ती प्रार्थना, कद्दिश, म्हणायची तर दहा माणसं. कारखान्याची बस वाटेत बंद पडली होती, तिच्यात आपले तिघे. मखलूफच्या सिनेगॉगमधले लोक त्यांच्या प्रार्थनेला अडकलेले, तिथेही जेमतेम दहा. आम्ही नऊ. मखलूफने पुन्हा मोजलं, लाव, श्तायिम, शालोश, पुन्हा नऊच. एलीने फोन लावले. कोणी म्हणाला निघालोच, आणि होता तो बीरशेबात. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. एलीने आजवर एकही कद्दिश चुकवलं नव्हतं. तो दारात जाऊन उभा राहिला, शोकाच्या रीतीने फाडलेल्या सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत. मी त्याच्या खांद्यावरून समोर बघितलं. बाकडं रिकामं होतं. मनातल्या मनात तुला म्हटलं, बघ, मी म्हटलं नव्हतं? तुझ्या स्वतःच्या कद्दिशलासुद्धा तुझ्या हॉटेलातून दहावा निघाला नाही. आपलं भांडण मी जिंकलो होतो, आणि मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

एवढ्यात एक गाडी येऊन थांबली.

तिच्यातून एक टकला, हसरा माणूस उतरला, इस्त्रीच्या शर्टातला, आणि त्याची बायको, हातात फुलं. लांबून आले होते. बायकोचा वाढदिवस, टेबल कधीचं सांगून ठेवलं होतं, आणि एली त्यांना कळवायचं विसरला होता. ते सरळ आत आले. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली बसलेल्या बायका, भिंतीवर चादरी. बायकोने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच नवऱ्याला म्हणाली, "किती खरंखुरं इंडियन आहे." त्याने मान डोलावली आणि एलीला विचारलं, "बटर चिकन मिळेल ना?"

एलीने सोफीकडे बघितलं. मग सोफी स्टुलावरून म्हणाली, हिब्रूत, आपल्यात मांसाबरोबर दूध-लोणी चालत नाही म्हणून तू जसं गिऱ्हाइकांना रोज म्हणायचास, "बाळा, कोंबडी आणि लोणी एका ताटात? तुला आईने काही शिकवलं नाही का?" आणि नऊ म्हातारे आणि अर्धम्हातारे खुदूखुदू हसायला लागले. शिरा धावली, तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं काय चाललंय ते. त्याचा चेहरा एकदम उतरला. माफी मागत तो मागे सरकला, बायकोचा हात धरला. दारापर्यंत गेला.

मखलूफने काठी आडवी धरली. "ज्यू आहेस?"

"आहे."

"तेरा वर्षांच्या वर आहेस?"

त्याने डोक्यावरून हात फिरवला. "थोडासा."

"मग कुठे चाललास?"

त्याला बटर चिकन मिळालं नाही, ते आधीच सांगून टाकतो. नंतर त्याला हलवा मिळाला, नारळाच्या दुधातली कोंबडी मिळाली, आणि सगळ्या बायकांनी मिळून त्याच्या बायकोला ओवाळल्यासारखं खाऊ घातलं. दोघं अंधार पडेपर्यंत बसून होती. जाताना त्याने विचारलं, गेले ते कसे होते? मी म्हटलं, फार भांडकुदळ. आणि त्याने एलीला सांगितलं की पुढच्या वेळी टेबल नको, ही खुर्ची चालेल. लंगडीवर बसला होता तो. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आपोआप तिच्यावरच जाऊन बसला.

पण ते सगळं नंतर. तेव्हा शिराने कुठून तरी एक टोपी आणली, त्याच्या टकलावर ठेवली, आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. एली माझ्या डाव्या हाताला. हा पाहुणा अवघडून सगळ्यात टोकाला, बदकांच्या चादरीपाशी. मखलूफने मोजायला बोट वर केलं. मी त्याचा हात धरला आणि खाली केला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग समजला, आणि काठीवर रेलून उभा राहिला.

मोजायला मी सुरुवात कुठून करणार होतो, ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. तुझ्या मोजण्यात पहिला नेहमी मी. मी रांगेच्या टोकाला गेलो, त्या अनोळखी माणसासमोर उभा राहिलो, जो तुझ्या हॉटेलात जेवायला आला होता, फोन करून, टेबल सांगून. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर बोट ठेवलं.

"लाभ," मी म्हटलं.

मग बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं. "दोन."